ओव्याची पुरचुंडी
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही, वैद्य तर नाहीच नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. त्यामुळे आजचा विषय जाहीर झाल्यावर मागच्या रांगेत झालेली कुजबुज मला ऐकू आली! पण पाळीत पोट दुखणं हा घरातल्या पुरुषांचाही विषय आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या पुण्याच्या घरी धाकट्या बहिणीला 'कावळा शिवला' की आजीची धावपळ सुरू. पुरचुंडीतला चिमूटभर ओवा चावायला, वर कोमट पाणी. मग आलं-गुळाचा काढा आणि तव्यावर गरम केलेल्या फडक्याने ओटीपोटाला शेक. मला मात्र त्या खोलीत डोकवायलाही बंदी.

आजीचं चुकत होतं का? मुळीच नाही. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. आयबुप्रोफेनची गोळी ही द्रव्यं तयार होणं कमी करते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका अभ्यासात १५० विद्यार्थिनी होत्या. त्यांतल्या काहींना आल्याच्या पुडीच्या, म्हणजे आपल्या सुंठेच्याच, २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून चारदा, तीन दिवस दिल्या. आराम आयबुप्रोफेनइतकाच पडला. शेकाचा उपयोगही अभ्यासांत दिसला आहे. मात्र २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा वनस्पती आणि पूरक औषधांसाठी भक्कम पुरावा मिळाला नाही. म्हणजे करून बघायला हरकत नाही, पण हमी नाही. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, तर सुंठेच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आणि देशी दुकानातली 'स्त्रियांसाठी खास' बाटली उचलताना जरा थांबा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. स्वयंपाकघरातलं आलं त्यापेक्षा बरं!

आता मुख्य गोष्ट. माझ्या बहिणीचं दुखणं काढ्याने तासभर दबायचं, पुन्हा उसळायचं. दर महिन्याला कॉलेज बुडायचं. सगळे म्हणायचे, "लग्न झालं की थांबेल." एमएस करायला ती इकडे आली आणि एकदा लॅबमध्येच चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वर्षं दुखतंय?" ती म्हणाली, "बारा." निदान झालं एंडोमेट्रिओसिस. जगात प्रजननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो.

ती मला म्हणाली, "दादा, काढ्याने बरं वाटायचं रे. पण नंतर कुणी विचारलंच नाही, अजून दुखतंय का म्हणून."

मंडळी, आमच्या धंद्यात तात्पुरता 'पॅच' टाकला तरी मूळ 'बग' शोधावाच लागतो. मुलीची शाळा बुडत असेल, गोळीनेही थांबत नसेल, दुखणं महिन्यागणिक वाढत असेल किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर तारखा आणि त्रास वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

काढा जरूर द्या. बाबा लोकहो, तुम्हीच उकळा! पण तासाभराने दार वाजवून विचारा, "बाळा, थांबलं का गं?"