हादरा माणसाला, हादरा यंत्राला

अमेरिकेत हिरवळ राखणं हा मोठा धंदा आहे आणि त्यातलं हुकमी यंत्र म्हणजे गवत कापणारा झीरो-टर्न मोअर. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र हायड्रॉलिक ड्राइव्ह असतात, प्रत्येकाची दांडी वेगळी. एक दांडी पुढे आणि एक मागे केली की यंत्र जागच्या जागी गर्रकन वळतं. असं यंत्र घेताना टिकाऊपणा आणि आराम वेगवेगळे तोलले जातात, ते मला पटत नाही. जो हादरा चालकाच्या कमरेत शिरतो, तोच बोल्ट ढिले करतो, वेल्डिंगला तडे पाडतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार, आठ तासांच्या हिशेबाने शरीराला बसणारं कंपन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गापुढे गेलं की मालकाला उपाय करावेच लागतात. टोरो कंपनीच्या काही यंत्रांत चालकाचा अख्खा चौथरा स्प्रिंगांवर तरंगतो. त्यातून माणूस वाचतो. फेरिस ही कंपनी चाकांनाच सस्पेन्शन देते, त्यामुळे सांगाड्यालाही दिलासा मिळतो. म्हणून माझा कौल दुसऱ्या रचनेला.

यावर आक्षेप असा, की सांधे वाढले की झीजही वाढते. खरं आहे, पण सांध्यातला झिजलेला बुश स्वस्तात बदलता येतो, निकामी हायड्रॉलिक ड्राइव्ह मात्र खिसा रिकामा करतो. तेव्हा इंजिनाच्या हॉर्सपॉवरआधी खाली वाकून बघावं: पात्याच्या स्पिंडलला ग्रीस निपल आहे का, आणि ड्राइव्हचं तेल व फिल्टर बदलायची सोय आहे का.