आवराआवर करताना झालेली चूक
(पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



संगणकाच्या शिक्षणावर मी चार शब्द बोलावे, अशी आपली इच्छा आहे. संगणक शिकल्याने नोकरी मिळते हे आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे. त्याची उजळणी मी करीत नाही. त्याऐवजी प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामातील एकच लहानशी बाब घेऊन ती नीट उलगडून सांगावी, असे मी ठरवले आहे. बाब अशी की, काम संपल्यावर आवराआवर करताना चूक झाली, तर ती कोणाला आणि कशी सांगायची? पालकांनीही ऐकावे. संगणक न शिकलेल्याला समजणार नाही, असे यात काही नाही.

घरच्या लग्नाचे उदाहरण घ्या. देगा, पराती, ताटे भाड्याने येतात. जेवण चांगले होवो की बिघडो, भांडी धुऊन, मोजून परत करावीच लागतात. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. तो फाईल उघडतो, डेटाबेसशी जोडणी करतो, यंत्राची मेमरी वापरायला घेतो. काम झाले की ते सारे परत करायचे. काम मध्येच फसले, तरीही परत करायचेच. यासाठी जावा आणि पायथन या भाषांत ‘फायनली’ नावाचा भाग असतो. काम सुरळीत झाले तरी तो चालतो, फसले तरी चालतो. सी प्लस प्लसमध्ये हे काम ‘डिस्ट्रक्टर’ करतो, तर गो या भाषेत ‘डिफर’.

आता समजा, देगेतला पुलाव करपला आणि पाहुणे अर्धपोटी उठले. भांडी परत करायला गेलेल्या मुलाला दोन ताटे कमी भरली. घरी आल्यावर वडीलधाऱ्यांनी विचारले, “काय झाले रे?” तो म्हणाला, “दोन ताटे हरवली.” यात खोटे काही नाही. परंतु करपलेल्या पुलावाची हकीकत त्या उत्तरात बुडून गेली. आता सारे घर ताटे शोधीत बसणार, आणि आचाऱ्याला कोणी काही विचारणार नाही!

जावाच्या ‘फायनली’त नेमके हेच होते. मूळ काम एका चुकीमुळे थांबलेले असताना फाईल बंद करण्यातही दुसरी चूक उद्भवली, तर दुसरी पहिलीची जागा घेते. पहिलीचा मागमूस राहत नाही. जावाची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. यावरचा भाषेतलाच तोडगा मात्र सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०११ साली आला. त्यात मूळ चूक पुढे राहते आणि बंद करतानाची चूक तिला पुरवणीसारखी जोडली जाते. पायथनमध्येही पूर्वी पहिली चूक हरवत असे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही चुका क्रमाने छापल्या जातात, आणि पहिली हाताळली जात असताना दुसरी घडली, हेही तेथे स्पष्ट लिहिलेले असते.

सी प्लस प्लसने वेगळा मार्ग धरला. एक चूक वर जात असताना डिस्ट्रक्टरमधून दुसरी चूक बाहेर पडली, तर प्रोग्रॅम तेथल्या तेथे बंद पडतो. २०११ च्या प्रमाणकानंतर तर, मुद्दाम तशी मुभा दिलेली नसेल, तर डिस्ट्रक्टरमधून एकटी चूक बाहेर पडली तरीही हाच परिणाम होतो. हा मार्ग कडक खरा; पण अर्धवट स्थितीत काम रेटण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार आहे.

आतापर्यंत आपण दोन चुकांचा विचार केला. याहून फसवी गोष्ट पुढे आहे. मुख्य काम बिनचूक झाले आणि फक्त फाईल बंद करताना चूक झाली, तर? पुष्कळांना वाटते, काम तर झाले, आता बंद होण्याचे काय एवढे! येथेच घात होतो. प्रोग्रॅम फाईलमध्ये लिहितो तेव्हा अक्षरे लगेच डिस्कवर जात नाहीत. ती आधी बफर नावाच्या तात्पुरत्या जागेत साठतात. बफर भरला की पुढे जातात, आणि उरलेली अक्षरे फाईल बंद करताना जातात. म्हणजे बंद करणे ही नुसती आवराआवर नव्हे. ते लिहिण्याचे शेवटचे पाऊल आहे.

समजा, एखादी संस्था शिष्यवृत्तीची यादी तयार करीत आहे. डिस्क भरलेली आहे. शेवटची वीस नावे बफरमध्ये आहेत. फाईल बंद करताना ‘जागा नाही’ असे उत्तर आले, पण प्रोग्रॅमने ते पाहिलेच नाही. पडद्यावर ‘यादी तयार झाली’ असे झळकले. त्या वीस मुलामुलींनी अर्ज केला, गुण मिळवले, आणि त्यांची नावे मात्र कोठेच नाहीत. अशा वेळी त्यांच्या आईवडिलांना काय उत्तर द्यायचे?

गो भाषेत ‘डिफर’ लावून फाईल बंद करण्याची सोपी रीत आहे. त्या रीतीत बंद करण्याचे उत्तर सहज वाऱ्यावर जाते. रस्ट भाषेत फाईल आपोआप बंद होते, आणि तेव्हाची चूक गिळली जाते. भाषा चांगली असली, तरी उत्तर वाचण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, यातून चार नियम ध्यानात ठेवा. पहिला, मूळ चूक कधीही झाकू देऊ नका. नंतरची चूक तिला जोडून सांगा. दुसरा, तीन वस्तू परत करायच्या असतील आणि पहिली परत करताना अडचण आली, तर उरलेल्या दोन तशाच टाकू नका. तिसरा, फाईलमध्ये लिहिले असेल आणि ती नीट बंद झाली नसेल, तर काम झाले असे म्हणू नका. नुसती वाचली असेल, तर नोंदवहीत नोंद पुरे. चौथा, ‘फायनली’च्या आत ‘रिटर्न’ लिहू नका. तो वर जाणारी चूक गुपचूप पुसून टाकतो. २०२५ साली आलेली पायथनची ३.१४ ही आवृत्ती तर त्याबद्दल ताकीदच देते.

हे घरी करून पाहायला पैसे पडत नाहीत. लिनक्समध्ये ‘डेव्ह’ या फोल्डरात ‘फुल’ नावाची खास फाईल असते. तिच्यात काहीही लिहू गेले की ‘जागा नाही’ हेच उत्तर येते. सी भाषेत ती उघडून ‘एफप्रिंटएफ’ने एक ओळ लिहा. लिहिण्याची आज्ञा यशस्वी झाल्याचे सांगेल. मग ‘एफक्लोज’चे उत्तर तपासा, खरी हकीकत तेथे कळेल. वर्गातल्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी करावा.

पालकांना एकच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी तासन्‌तास बसूनही पडद्यावर नवे काही दाखवीत नसेल, तर वेळ वाया गेला असे समजू नका. कदाचित ते मूल बिघाडाची वाट बांधीत असेल. “प्रोग्रॅम चालला का?” एवढेच विचारू नका. “बिघडला तर तो खरे सांगतो का?” हेही विचारा. प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही, आणि घरातून असे विचारणारे कोणी आहे, याचा मुलांना मोठा आधार वाटतो.