धूर दिसला, तर उगम शोधा!



22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली. साखळी ओढली गेली. खाली उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान 12 जणांचा बळी गेला. गाडीला आग नव्हतीच!

विमानाच्या देखभालीत वासाची तक्रार आली की आधी विचारतात: कधी, कुठे, कसला? मळक्या मोज्यांसारखा वास असेल, तर इंजिनाच्या तेलाचा संशय. जळकट असेल, तर पंखा, वायरिंग, ओव्हन. मग एकेक यंत्रणा बंद करून उगम शोधतात.

आपल्याकडेही चिकटलेल्या ब्रेकचा धूर वेगळा, वायरचा वेगळा. टपाल कार्यालयातल्या जळक्या वासाचेही तेच. म्हणून आम्ही मागतो: प्रत्येक तक्रारीची लेखी नोंद, तपासणीस पुरेसा वेळ आणि पुरेसे हात.