हप्ता थकला की सरकार कुठं असतं?



घराचा विषय निघाला की आपण झोपडपट्टीवर बोलतो, बुलडोझरवर बोलतो. बोललंच पाहिजे. पण आज मला दुसऱ्या एका घराबद्दल बोलायचंय. आपल्यातल्या ज्यानं पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून बदलापूर-विरारकडं एक खोली घेतली, दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली, त्याच्या घराबद्दल. बापजाद्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती. हा कागदावर मालक झाला. पण खरा मालक कोण, ते हप्ता थकला की कळतं.

सरकार म्हणतं, आम्ही मदत करतो. करतं ना. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २०१५ साली आला. त्यातलं व्याजाचं अनुदान मार्च २०२२ मध्ये संपलं. सप्टेंबर २०२४ पासून दुसरा टप्पा. वर्षाची मिळकत ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत. मग पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सूट. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं.

ही मदत घर घेताना. नोकरी गेल्यावर हप्ता कोण भरणार? या प्रश्नाला योजनेत उत्तर नाही.

माझा चुलतभाऊ कारखान्यात ठेक्यावर होता. ठेकेदार बदलला, पोरं एका दिवसात घरी. घर म्हणजे कुठलं? त्याच घराचा हप्ता होता! ९० दिवस थकबाकी राहिली की खातं बुडीत. मग २००२ च्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस. तेवढ्यात पैसे भरले नाहीत, तर दिवाणी दावा न लावताही घर ताब्यात घेता येतं. त्यानं बायकोचं मंगळसूत्र विकून नोटीस परतवली. ज्याच्याकडं विकायला काही नाही, त्यानं काय करायचं?

कोणी म्हणेल, काम गेल्यावर सरकारनं हप्ता भरायचा, असं जगात कुठं असतं का? असतं. ब्रिटनमध्ये सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या घरमालकाच्या कर्जाचं व्याज सरकार भरतं. मुद्दल नाही, फक्त व्याज. आणि युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा भत्ता सलग तीन महिने घेतल्यावर. पैसा थेट कर्ज देणाऱ्याकडं जातो.

पण पुढचं ऐका. एप्रिल २०१८ पर्यंत ती मदत होती. त्यानंतर सरकारनं तिचं कर्ज केलं. आता त्या पैशावरही व्याज चढतं, घरावर सरकारचा बोजा चढतो, आणि घर विकलं की वसुली. म्हणजे एका सावकाराचं व्याज भागवायला दुसरा सावकार. लोकांच्या हक्काला कर्जाचं रूप कसं देतात, ते तिथं बघून घ्या.

म्हणून आपली मागणी पहिल्यापासून नेमकी पाहिजे. काम गेलं, आजार आला, तर गरीब घरमालकाचं व्याज सरकारनं भरावं. तोवर जप्ती थांबावी. ठेक्यावरच्या कामगारालाही ते मिळावं. आणि ते अनुदान म्हणून मिळावं, उसनवार म्हणून नव्हे.

उद्यापासून आपापल्या इमारतीत, चाळीत विचारा, नोटीस कुणाकुणाला आलीय? माणूस लाजेनं कागद गादीखाली लपवतो. तो कागद बाहेर काढा. एकट्याच्या हातात ती नोटीस असते. शंभर जणांनी मिळून धरली की तोच मोर्चा होतो.

जय भीम!