परदेशी शिकणारी मुले आणि घरची ओढ



गावातील मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाली की ग्रामपंचायतीत सत्कार होतो, शाळेच्या फलकावर नाव लागते. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे, ज्या घरांतून पूर्वी कोणी जिल्ह्याबाहेरही शिकावयास गेले नव्हते अशा घरांतील मुलेही आज परदेशी विद्यापीठांत पोचली आहेत. पारपत्र, प्रवेशपत्र, शुल्क, गरम कपडे यांची तयारी कसोशीने होते. मात्र तेथे गेल्यावर करमेनासे झाले तर काय करावे, हे त्या मुलाला सहसा कोणी सांगत नाही.

दुखणे जुनेच

हे दुखणे आजचे नव्हे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरच्या ओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव प्रथम दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने तो शब्द घडविला. बर्नहून बाझेलला शिकावयास आलेला एक तरुण अंथरुणाला खिळला आणि घराच्या वाटेला लागताच सुधारू लागला, अशी हकिगत त्यात आहे. बर्न ते बाझेल हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास! तेव्हा समुद्रापलीकडे गेलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला घर आठवले तर तो दुबळेपणा समजू नये. आपल्याकडील सासुरवाशिणींनी हे दुःख जात्यावरच्या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलून दाखविले आहे. बोलल्याने ते हलके होते, हे त्यांना ठाऊक होते.

‘मावशी’चा आधार

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. सोबत पती नव्हते. परंतु न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार निघण्यापूर्वीच जुळलेला होता. त्या बाईंच्या घरी त्या प्रथम राहिल्या आणि त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. परक्या मुलखात नाते जोडल्यामुळे घर तुटले नाही. घराला आणखी एक खोली जोडली गेली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. पुढे क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवून घेतल्या. ते नाते किती खरे होते, हे सांगावयास आणखी काय हवे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांना भेटला आणि ते स्नेहबंध जन्मभर टिकले. परदेशी गेलेल्याला शंभर ओळखी लागत नाहीत. जिवाभावाचा एक माणूस लागतो.

कठीण काळ कोणता?

पहिले काही आठवडे नवलाईत जातात. खरी कसोटी नंतर लागते. इंग्लंडमध्ये सत्र साधारणतः सप्टेंबरअखेर सुरू होते. दिवाळीच्या सुमारास दिवस झपाट्याने लहान होतात. डिसेंबरात लंडनला उजेड जेमतेम आठ तास असतो. त्याच वेळी निबंध व परीक्षांचा भार वाढतो. घड्याळही आड येते. हिवाळ्यात लंडनला रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा महाराष्ट्रात पहाटेचे साडेतीन झालेले असतात. बोलावेसे वाटते तेव्हा घर झोपलेले असते.

अशा वेळी खोलीत एकट्याने बसून राहिल्यास ओढ वाढत जाते. विद्यार्थ्याने उजेड असताना रोज बाहेर पडावे, वेळेवर जेवावे, भाजी-वरण स्वतः रांधावे आणि शेजारच्या खोलीतील मुलाला एकदा जेवावयास बोलवावे. मराठी मंडळे अनेक शहरांत आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचे आहे. तेथे सणावाराला अवश्य जावे; परंतु केवळ आपल्याच माणसांत राहू नये, कारण ज्या देशात शिकावयाचे तेथील माणसेही आपलीशी व्हावी लागतात. झोप व भूक दोन-तीन आठवडे हरपली, वर्गात जाववत नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र ती केवळ घरची ओढ राहिलेली नसते. तेथील बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात. त्यांच्याकडे तत्काळ जाण्यात कोणताही कमीपणा नाही.

मागे राहिलेल्यांचे कर्तव्य

निम्मे काम येथल्या माणसांचे आहे. दूरध्वनी, चलचित्र-संभाषण यांमुळे रोज बोलणे शक्य झाले आहे. पण रोजच्या बोलण्यात सोयाबीनचा पडलेला भाव, बांधावरचे भांडण, बँकेचा हप्ता एवढेच पोचत राहिले, तर मुलगा देहाने तिकडे आणि चित्ताने इकडे असा दुभंगतो. आठवड्यातील ठरलेला वार व ठरलेली वेळ अधिक उपयोगी पडते. मोठे संकट लपवू नये. लपविलेले उशिरा कळले की विश्वास उडतो. पण प्रत्येक लहान काळजी समुद्रापार धाडण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट सत्काराची. साऱ्या गावाने हारतुरे घालून निरोप दिला की ‘मला येथे जड जात आहे’ हे शब्द मुलाच्या तोंडून निघेनासे होतात. म्हणून सत्काराच्या दिवशीच शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्याला बाजूस घेऊन सांगावे, की सुरुवातीला करमणार नाही, आणि तसे वाटले तर मोकळेपणाने कळव; तुझे नाव कमी होणार नाही. शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी निवड झालेल्या विद्यार्थ्याची, त्याच विद्यापीठात आधी शिकून आलेल्या विद्यार्थ्याशी गाठ घालून द्यावी. निर्वाहभत्त्याचा हप्ता वेळेवर पोचेल हेही पाहावे. परक्या शहरात खोलीचे भाडे थकले, तर घरच्या आठवणीला भीतीचीही जोड मिळते.

घरची ओढ हे रोपाच्या मुळाभोवतीच्या मातीसारखे आहे. रोप लावताना ती माती कोणी झटकून टाकीत नाही. तिच्यासह रोप नव्या जमिनीत बसवितात आणि काही दिवस पाणी घालतात. मुले परदेशी पाठविणाऱ्या गावांनी व कार्यालयांनी एवढे पाणी घातले, तर त्यांच्या शिक्षणावर होणारा खर्च सार्थकी लागेल आणि मुलेही सुखरूप राहतील.