अणुप्रकल्पाची भिंत आणि मदतकार्याची वाट



११ मार्च २०११ च्या रात्री जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, नामिए नगराच्या उकेदो या मासेमारी वस्तीत, स्थानिक अग्निशामक दलाचे जवान त्सुनामीने मागे टाकलेल्या ढिगाऱ्यांतून फिरत होते. अंधारात ढिगाऱ्याखालून माणसांचे आवाज येत होते. हातांनी उचलता येईल असे ते ओझे नव्हते. पहाट होताच साधने घेऊन परत यायचे, असे ठरवून जवान मागे फिरले. पहाट झाली, परंतु साधने निघण्यापूर्वीच आदेश आला : दहा किलोमीटरच्या आतील सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. उकेदोपासून फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्र जेमतेम सहा-सात किलोमीटरवर होते. जवानांना जावे लागले. त्या ढिगाऱ्यांचा पद्धतशीर शोध सुरू व्हायला सुमारे एक महिना लागला.

अणुऊर्जेच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून होते. विरोधक किरणोत्साराची भीती दाखवतात, समर्थक मेगावॉटचे आकडे मांडतात. उकेदोच्या त्या रात्रीचा विचार दोन्ही बाजूंच्या मांडणीत क्वचितच येतो. नैसर्गिक आपत्तीत वाचवता येण्याजोगी माणसे वाचवायची वाटच जवळचा अणुप्रकल्प बंद करून टाकू शकतो. म्हणून प्रकल्पाची सुरक्षितता हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही. भूकंप, पूर, चक्रीवादळ यांनंतर मदतीला धावणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा तो विषय आहे.

मुळात त्या दिवशी घडले काय? दुपारी दोन वाजून ४६ मिनिटांनी सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइचीतील सहापैकी तीन अणुभट्ट्या त्या वेळी चालू होत्या आणि त्या तिन्ही आपोआप बंद पडल्या. भूकंपाने बाहेरचा वीजपुरवठा तुटला, तेव्हा डिझेल जनित्रेही सुरू झाली. इथपर्यंत सारे नियमाप्रमाणे झाले. परंतु अणुभट्टी बंद करणे म्हणजे दिवा मालवणे नव्हे. चुलीतली लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसे इंधनातील विखंडनजन्य पदार्थ उष्णता देतच राहतात. बंद झाल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. दिवसभरानंतर ती एका टक्क्याच्या खाली येते, परंतु एवढ्या अवाढव्य यंत्रात तीदेखील इंधन वितळवायला पुरेशी होते. पाणी अखंड फिरते राहिले पाहिजे आणि त्यासाठी वीज हवी.

सुमारे पन्नास मिनिटांनी लाट आली. तिची उंची चौदा-पंधरा मीटर होती. पहिल्या चार अणुभट्ट्यांची जमीन समुद्रसपाटीपासून दहा मीटरवर होती आणि बहुतेक जनित्रे व वीजवितरणाची कपाटे तळघरात होती. पाणी तिथे शिरले आणि वीज गेली. पुढल्या चार दिवसांत तीन इमारतींत हायड्रोजनचे स्फोट झाले आणि तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. सहाव्या अणुभट्टीचे हवेने थंड होणारे एक जनित्र उंचावर होते. ते वाचले आणि त्या एकाच जनित्राने पाचवी व सहावी या दोन अणुभट्ट्या तारल्या. यंत्र तेच, लाट तीच. जागेचा फरक तेवढा निर्णायक ठरला.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. या जागी मूळचा कडा सुमारे ३५ मीटर उंच होता. पक्का खडक मिळावा, पाणी चढवण्याचा खर्च कमी व्हावा, म्हणून तो दहा मीटरपर्यंत तासला गेला. आराखड्यात धरलेली लाट ३.१ मीटरची होती. १९६० साली चिलीच्या भूकंपानंतर जवळच्या बंदरात नोंदली गेली तेवढीच. पुढे हा आकडा ५.७ मीटरवर नेण्यात आला. २००८ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत गणिताने १५.७ मीटरची शक्यता दाखवली होती, परंतु अधिक अभ्यास करू या, असे म्हणून ती बाजूला ठेवण्यात आली. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटले, ते उगीच नव्हे.

आता याच किनाऱ्यावर शंभर किलोमीटरहून अधिक उत्तरेला जाऊ. मियागी प्रांतात ओनागावा नावाचे अणुवीज केंद्र आहे. भूकंपाच्या केंद्राला सर्वांत जवळचे केंद्र हेच. येथेही आरंभीच्या कागदांत अपेक्षित लाट सुमारे तीन मीटरचीच होती. तरी जमिनीची उंची ठरवताना यानोसुके हिराई नावाचे वयोवृद्ध अभियंता अडून बसले. तोहोकु इलेक्ट्रिक कंपनीचे उपाध्यक्षपद भूषवलेले हे गृहस्थ याच प्रांतातले. इ. स. ८६९ मध्ये या किनाऱ्यावर आलेल्या जोगान भूकंपाच्या लाटेची जाण त्यांना होती. बारा मीटर पुरे, असे म्हणणारे सहकारी होते, परंतु अखेर १४.८ मीटर उंची मान्य झाली. त्सुनामीपूर्वी समुद्र मागे हटतो, तेव्हाही पाणी मिळावे अशी खोलगट रचना पाणी घेण्याच्या मार्गात करून घेण्यात आली. हिराई १९८६ मध्ये वारले. पंचवीस वर्षांनी लाट आली ती सुमारे तेरा मीटरची. भूकंपाने जमीनच एक मीटर खचली होती, तरीही पाणी मुख्य आवाराखाली थांबले. सारे निर्विघ्न पार पडले असे नव्हे. एका टर्बाइन इमारतीत आग लागली, एका तळघरात पाणी शिरले आणि बाहेरून येणाऱ्या पाच वीजवाहिन्यांपैकी एकच उरली. पण तिन्ही अणुभट्ट्या सुरक्षित थंड झाल्या. २०१२ मध्ये पाहणीसाठी आलेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाने हानी आश्चर्य वाटावे इतकी कमी असल्याचे नोंदवले.

ओनागावा नगर मात्र उद्ध्वस्त झाले. जेमतेम दहा हजार वस्तीतील आठशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. रस्ते तुटले. आसपासच्या वाड्यांतील बेघर माणसे चालत प्रकल्पाच्या दाराशी आली. अणुप्रकल्पाचे दार असे कुणालाही उघडत नाही, त्यामागे सुरक्षेचे कठोर नियम असतात. तरी अधिकाऱ्यांनी त्यांना आत घेतले. व्यायामशाळेत अंथरुणे पडली, अन्न वाटून घेतले गेले. एका वेळी जास्तीत जास्त ३६४ ग्रामस्थ तिथे राहिले आणि हा निवारा सुमारे तीन महिने चालला. एका किनाऱ्यावर प्रकल्पापासून लोक पळत होते आणि त्याच वेळी दुसरीकडे प्रकल्पाच्या आश्रयाला येत होते.

याच ओनागावात भारताचे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल पोहोचले होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. मार्च २०११ च्या अखेरीस गेलेल्या ४६ जणांच्या या तुकडीने कडाक्याच्या थंडीत ढिगारे उपसून मृतदेह शोधून काढले. परदेशातील दलाची ही पहिलीच मोहीम. जिवंत माणसे सापडण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. परंतु घरच्यांच्या हाती देह सोपवणे, हेही मदतकार्यच असते. भूज आणि किल्लारी पाहिलेल्यांना ते वेगळे सांगायला नको.

फुकुशिमाच्या बाजूला मदतकार्याचे काय झाले? ओकुमा गावातील एका रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना १४ मार्च रोजी बसमध्ये बसवण्यात आले. सोबत पुरेसे वैद्यकीय कर्मचारी नव्हते. थेट रस्ते बंद असल्याने ती बस वळसे घेत दहा तासांहून अधिक काळ फिरली. काही जण बसमध्येच गेले. त्या रुग्णालयातील व त्याच्या वृद्धाश्रमातील चाळीसहून अधिक जण या स्थलांतरात वा त्यानंतर लगेच दगावले. ते किरणोत्साराने दगावले नाहीत. थंडी, तहान आणि उपचारातील खंड यांनी त्यांचा बळी घेतला. नामिएचे हजारो रहिवासी वायव्येला त्सुशिमा भागात गेले आणि नेमके किरणोत्सारी ढग त्याच दिशेला वाहिले. ढग कुठे जातील याचा अंदाज बांधणारी संगणक प्रणाली सरकारकडे होती, पण तिचे अंदाज गावांपर्यंत पोहोचले नाहीत. मिनामिसोमा हे नगर केंद्रापासून सुमारे २५ किलोमीटरवर. तिथल्या लोकांना घरातच राहा असे सांगितले गेले आणि ट्रकचालकांनी तिकडे जायचे टाळले. अन्न नाही, इंधन नाही. अखेर महापौरांनी चित्रफितीद्वारे जगाला हाक दिली. गोठ्यात बांधलेली जनावरे सोडायलाही अनेक शेतकऱ्यांना वेळ मिळाला नाही. ती जागच्या जागी उपाशी मेली.

दीड लाखाहून अधिक माणसे घर सोडून गेली. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, किरणोत्साराचा थेट परिणाम म्हणून रहिवाशांच्या आरोग्यावर झालेली हानी आढळलेली नाही. एका कामगाराचा कर्करोगाने झालेला मृत्यू जपान सरकारने २०१८ मध्ये किरणोत्साराशी जोडला. आणि स्थलांतर, ताण, उपचारांचा अभाव यांमुळे दगावलेले म्हणून फुकुशिमा प्रांतात नोंद झालेले? दोन हजार तीनशेहून अधिक. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न कुठे आहे ते दिसते.

आता आपल्याकडे येऊ. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या मद्रास अणुवीज केंद्रात पाणी शिरले. समुद्राचे पाणी पंपघरात चढले, शीतनाचे पंप थांबले, चालू असलेली अणुभट्टी बंद करण्यात आली आणि ती सुरक्षित थंड झाली. डिझेल जनित्रे शाबूत होती. आठवडाभरात केंद्र पुन्हा सुरू झाले. त्याच लाटेने शेजारच्या वसाहतीत कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय मृत्युमुखी पडले. घरच्यांची खबर नसताना पाळी सांभाळणाऱ्या त्या नियंत्रण कक्षातील माणसांचे कौतुक व्हायला हवे होते, तेवढे झाले नाही. जून १९९४ च्या अतिवृष्टीत गुजरातमधील काक्रापारच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात पुराचे पाणी शिरले होते, तर २००१ च्या भूज भूकंपात हेच केंद्र चालू राहिले. धोका समुद्राकडूनच येतो असे नाही आणि प्रत्येक धक्का घातकच ठरतो असेही नाही.

महाराष्ट्रात तारापूर १९६९ पासून आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारातील आणि अमेरिकी बनावटीच्या. जैतापूरचा नियोजित प्रकल्प माडबनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंचीवर आहे. त्सुनामीच्या दृष्टीने ही उंची निश्चितच दिलासा देणारी. पण उंच जागेवरील प्रकल्पाकडे जाणारे रस्ते उंचावर असतात असे नाही. कोकणात जुलै महिन्यात दरडी कोसळतात, पूल पाण्याखाली जातात, वीज दिवसचे दिवस जाते, हे कोकणवासीयांना कुणी शिकवायला नको.

भारतात केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटर परिघासाठी आपत्कालीन योजना असते. आवाराबाहेरील कारवाईची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि ठरावीक काळाने सराव होतात. चौकट चांगली आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाला संसदेच्या कायद्याचे थेट अधिष्ठान नाही, यावर महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये बोट ठेवले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या नव्या कायद्याने ती उणीव दूर केली. खासगी क्षेत्राला दार उघडणारा कायदाही तोच, म्हणजे नियामकाची परीक्षा आता खरी सुरू होईल. परंतु सराव कोरड्या दिवशी, मोकळ्या रस्त्यावर होणार असेल, तर त्यातून काय कळणार? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी कोणती वाहने, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या परिचारिकेसह? आयोडीनच्या गोळ्या कुणाच्या कपाटात आणि किल्ली कुणाकडे? जपानमध्ये मिहारू नगराने वरून आदेश नसताना स्वतःच्या निर्णयाने त्या गोळ्या वाटल्या. इतर अनेक गावांत त्या कपाटातच राहिल्या.

मदतकार्याला जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही यात शिकण्याजोगे आहे. किरणोत्सार दिसत नाही, वासही येत नाही, पण तो मोजता येतो, आणि खिशाला लावायचे मापक यंत्र नवख्यालाही वाचता येते. धूळ नाकातोंडात जाऊ न देणे, बाहेर पडलेले कपडे वेगळे ठेवणे, उघड्यावरचे दूध व भाजी टाळणे ही शिस्त अवघड नाही. किरणोत्सारी आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, म्हणून दुधाची काळजी पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक. आयोडीनची गोळी मात्र सांगितल्या वेळीच घ्यायची. ती सर्व किरणोत्सारावरचे कवच नव्हे, केवळ गलग्रंथीपुरते तिचे संरक्षण. एवढे ठाऊक असलेले पन्नास ट्रकचालक असते तर मिनामिसोमा उपाशी राहिले नसते.

१ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथले शिका अणुवीज केंद्र २०११ पासूनच बंद होते, त्यामुळे मोठा प्रसंग टळला. परंतु योजनेत दाखवलेले बाहेर पडण्याचे रस्ते जागोजाग तुटले आणि घरातच राहा असे सांगावे, तर घरेच पडली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओनागावाची दुसरी अणुभट्टी पुन्हा सुरू झाली. तिच्यापुढे आता समुद्रसपाटीपासून २९ मीटर उंचीची भिंत उभी आहे. भिंतीबद्दल तिथल्या ग्रामस्थांची फारशी तक्रार नाही. न्यायालयात गेलेल्या रहिवाशांचा आक्षेप द्वीपकल्पातून बाहेर पडण्याच्या योजनेवर होता. न्यायालयाने तो फेटाळला. रस्त्याबद्दलचा प्रश्न गावकरी अजून विचारतच आहेत.