यादी कोणी वाचावी?



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे उद्यमनगरच्या फौंड्रीत आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा मी संगणकावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण फार वर्षांपूर्वी सभासदांची वही मी एका कारखान्यात टेबलावर विसरलो. अर्ध्या तासात परत आणली, तेवढ्यात ती वाचली गेली होती. महिन्याच्या आत तिघांचे काम सुटले. आज ती यादी आमच्या संगणकात आहे. म्हणून विचारतो, ती उघडण्याचा हक्क कोणाला?

आमचा एक तरुण कार्यकर्ता ‘झेड’ नावाच्या एडिटरात हिशोबाचे प्रोग्रॅम लिहितो. एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची पाटी. एक्स्टेन्शन म्हणजे तिला जोडलेले अवजार. त्याने स्वतः एक अवजार रचले, ते काही केल्या ही यादी उघडीना. बिचारा रात्रभर आपली चूक शोधत बसला. चूक नव्हतीच!

हे अवजार वेबअसेम्ब्लीत उतरवलेले असते. अशा प्रोग्रॅमला फाइल उघडण्याची स्वतःची ताकदच नसते. यजमान देईल तेवढेच त्याचे. २०१९ साली पुढे आलेल्या ‘वासी’ या करारात यजमान एक फोल्डर आधीच उघडून त्याचा क्रमांक प्रोग्रॅमच्या हाती देतो. बहुधा तो ३ असतो, कारण ०, १, २ हे मजकुराच्या ये-जा करण्यासाठी राखलेले. त्या फोल्डरात खुशाल फिरावे. दोन टिंबे टाकून वर चढू पाहिले की नकार. झेड एक्स्टेन्शनला तिचे कामाचे फोल्डर देतो. प्रकल्पातली फाइल हवी असेल तर एडिटरकडे मागायची. तो वाचून मजकूर देतो.

हे मला पटले. गेटपास दाखवावा आणि तेवढ्याच खात्यात जावे. ज्या एडिटरांत एक्स्टेन्शनला एडिटरइतकेच सगळे अधिकार मिळतात, त्यांच्यापेक्षा ही रीत बरी.

पण कंत्राटदाराला गेटवर झडती आणि त्याची माणसे मागच्या दाराने आत, हा प्रकार आम्ही कामगार ओळखून आहोत. इथेही तो आहे. तेच एक्स्टेन्शन भाषेचा जाणकार असा दुसरा प्रोग्रॅम, लँग्वेज सर्व्हर, उतरवून घेऊन सुरू करायला सांगू शकते. तो त्या पेटीबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा, आपल्याच हक्काने चालतो; आपल्याला उघडता येणारी फाइल त्यालाही उघडते.

तो तरुण म्हणाला, “काका, मग पेटीचा उपयोग काय?” मी म्हटले, उपयोग आहे, पण अर्धाच. यादी आम्ही त्या संगणकावरून काढून दुसऱ्यावर ठेवली. त्यावर एडिटर नाही. त्याला आता दोन टेबलांमध्ये फेऱ्या माराव्या लागतात, आणि तो अजून माझ्यावर रुसलेला आहे.